बायबल वाचताना जवळ काय असावे?



मिस्सा संपल्यावर देवळाच्या दाराशी आम्हाला जे प्रश्न विचारले जातात, त्यांत अलीकडे एक प्रश्न वारंवार येतो. ‘फादर, घरी रोज बायबल वाचतो, पण नीट कळत नाही. एखादे चांगले पुस्तक सांगा.’ दारातल्या गर्दीत एका वाक्यात उत्तर देणे कठीण असते. म्हणून या रविवारच्या पत्रकात थोडे सविस्तर लिहीत आहोत.

पुस्तकाचे नाव सांगण्याआधी आम्हाला उलट विचारावेसे वाटते, नेमके काय कळत नाही? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आमच्या मनावर एक गोष्ट ठसली, ती अशी की प्रश्न धारदार नसेल तर उत्तर कितीही मोठे असले तरी उपयोगाचे नसते. बायबलच्या बाबतीत हे तंतोतंत खरे आहे. कधी शब्द कळत नाही, कधी प्रसंग कुठे घडला ते कळत नाही, तर कधी शब्द न् शब्द कळतो, पण देव असे कसे बोलू शकतो हे कळत नाही. या तीन अडचणींना एकच पुस्तक पुरे पडत नाही.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या ८व्या अध्यायात इथिओपियाचा एक अधिकारी रथात बसून यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचताना दिसतो. फिलिप त्याच्याजवळ जातो. कोणी वाट दाखवल्याशिवाय मला कसे समजणार, असे तो अधिकारी म्हणतो. हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे. पण त्यापुढचा त्याचा प्रश्न (८:३४) आपण घाईत ओलांडून जातो. संदेष्टा हे स्वतःविषयी बोलतो आहे की दुसऱ्या कोणाविषयी, असे तो विचारतो. किती नेमका प्रश्न! तो आधी स्वतः वाचत होता, म्हणूनच त्याला तो सुचला. फिलिप त्याच वचनापासून सुरुवात करतो, प्रभू येशूपर्यंत पोहोचवतो, बाप्तिस्मा देतो आणि मग दिसेनासा होतो. अधिकारी आनंदाने आपल्या वाटेला लागतो. संदर्भग्रंथ निवडताना आम्ही हीच कसोटी लावतो. ग्रंथ शेजारी बसावा, विचारले त्याचे उत्तर द्यावे आणि बाजूला व्हावे. जो ग्रंथ आपल्याला बायबलकडे परत पाठवण्याऐवजी स्वतःपाशीच धरून ठेवतो तो कितीही जाडजूड असो, रोजच्या वाचनाला कामाचा नाही.

आता हातातल्या बायबलपासून सुरुवात करू. आपल्या धर्मग्रामातील बहुतेक घरांत बायबल सोसायटीचे ‘पवित्र शास्त्र’ आहे. भाषा प्रौढ, वळणदार, पुष्कळांना लहानपणापासून पाठ झालेली. ते जरूर वाचावे. फक्त अनुक्रमणिका उघडून एकदा पुस्तके मोजावीत. नेहमीच्या आवृत्तीत ६६ भरतील. आपल्या कॅथोलिक परंपरेत ७३ आहेत. तोबित, युदिथ, ज्ञानग्रंथ, बेन सिराक, बारूख आणि मक्कबींची दोन पुस्तके, शिवाय एस्तेर व दानीएल यांतील काही भाग ६६ पुस्तकांच्या आवृत्तीत नसतात. यामुळे अडते कुठे? मृतांच्या मिस्सेत ज्ञानग्रंथाचा ३रा अध्याय वाचला जातो, नीतिमानांचे आत्मे देवाच्या हातात सुरक्षित आहेत असे सांगणारा. घरी जाऊन तो पुन्हा वाचावा असे शोकातल्या माणसाला वाटते आणि पुस्तकात तो सापडतच नाही. लग्नात तोबित ऐकलेल्या जोडप्याचेही तेच. मृतांसाठी प्रार्थना का करायची याचा एक आधार २ मक्कबी १२ मध्ये आहे, तोही त्या आवृत्तीत नाही. म्हणून नवीन बायबल घेताना आधी अनुक्रमणिका पाहावी आणि प्रस्तावनेच्या पानांवर धर्माधिकाऱ्यांची अनुमती छापलेली आहे का तेही पाहावे.

स्तोत्रांच्या क्रमांकाविषयी एक बारीक सूचना. जुन्या कॅथोलिक प्रार्थनापुस्तकांत दाविदाचे पश्चात्तापाचे स्तोत्र ५० क्रमांकाचे असते, आताच्या बायबलमध्ये तेच ५१ आहे. जुनी मोजणी लॅटिन बायबलची, आताची हिब्रू बायबलची. चूक कोणाचीच नाही. आजीच्या पुस्तकातला क्रमांक जुळला नाही तर एक पुढचा पाहावा.

एकाच बायबलवर न थांबता दुसरे एखादे भाषांतर शेजारी ठेवणे हे आमच्या मते सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी साधन आहे. एकच वचन दोन्हींत वाचा. शब्द जुळले तर पुढे चला. जुळले नाहीत तर तिथे मूळ भाषेत काहीतरी अवघड आहे असे समजा. मराठीत हे करता येते, हे आपले भाग्य. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. ते भाषांतर नव्हे, ओवीबद्ध कथन होते, आणि मराठी बायबल तर पुढे सुमारे दोनशे वर्षे नव्हते. नव्या कराराचे मराठी भाषांतर विल्यम केरी यांनी बंगालमधील श्रीरामपूर येथून १८११ साली प्रसिद्ध केले. आपल्या अगदी जवळचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. पुणे-दौंड रेल्वेमार्गावरील केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये संस्कृतच्या या विदुषीने हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. साध्या, कमी शिकलेल्या स्त्रियांना कळावे हा त्यांचा हेतू होता. १९२२ साली त्या वारल्या आणि १९२४ साली ते प्रसिद्ध झाले. आपल्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ दिले व त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. फादर २०२४ साली प्रभूकडे गेले, पण त्यांचे मराठी घरात ठेवण्यासारखे आहे. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलांसाठी इंग्रजी भाषांतर घ्यायचे असेल तर इ.एस.व्ही.ची कॅथोलिक आवृत्ती घ्यावी. भारतातील इंग्रजी मिस्सेची वाचने २०२० पासून तिच्यातून होतात, त्यामुळे देवळात ऐकलेले आणि घरी वाचलेले जुळते.

आता ज्या साधनाकडे आपण सर्वांत कमी लक्ष देतो त्याविषयी थोडे अधिक बोलू. पानाच्या कडेला, तळाशी किंवा मथळ्याखाली कंसात बारीक अक्षरांत इतर वचनांचे क्रमांक दिलेले असतात. पुष्कळ भाविक ते छपाईची सजावट असल्यासारखे सोडून देतात. त्यांचे मोल किती आहे ते पाहा.

एखाद्या घरात मूल जन्मतः अपंग असते. भेटीला आलेले कोणी तरी, कधी नात्यातले, कधी बाहेरच्या प्रार्थनासभेतले, बायबल उघडून निर्गम २०:५ वाचून दाखवते. पूर्वजांच्या अन्यायाचे शासन तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत, असे तिथे लिहिले आहे. मग प्रश्न येतो, ‘तुमच्या घराण्यात कोणी काय केले होते?’ आधीच थकलेली आई त्या रात्री झोपत नाही. असे आमच्या कानावर एकदा नव्हे, अनेकदा आले आहे. वचन खरे आहे, ते बायबलमध्येच आहे. मग त्या आईने काय करायचे?

त्या वचनापाशी दिलेल्या संदर्भांचा माग काढायचा. आधी पुढचेच वचन, निर्गम २०:६. शासन तीन-चार पिढ्या, पण दया हजारो पिढ्यांवर. तराजू कोणीकडे झुकतो ते तिथेच दिसते. मग अनुवाद २४:१६. मुलांच्या पापासाठी बापाला किंवा बापाच्या पापासाठी मुलांना मृत्युदंड द्यायचा नाही, असा नियमच आहे. मग यिर्मया ३१:२९–३० आणि यहेज्केल १८वा अध्याय. बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, अशी म्हण त्या काळी लोकांच्या तोंडी होती. ती म्हण आता इस्राएलात चालणार नाही, असे देव संदेष्ट्याकरवी स्पष्ट बजावतो. आणि शेवटी योहान ९:१–३. जन्मांध माणसाला पाहून शिष्य नेमका तोच प्रश्न विचारतात, पाप कोणाचे, ह्याचे की ह्याच्या आईबापांचे? प्रभू म्हणतो, ह्याचेही नाही आणि आईबापांचेही नाही. म्हणजे त्या आईला विचारलेला प्रश्न प्रभूला आधीच विचारून झाला आहे आणि त्याने तो फेटाळला आहे. यासाठी ग्रीक भाषा यावी लागत नाही, महागडे पुस्तक लागत नाही. कडेचे बारीक आकडे आणि पाने उलटण्याचा धीर एवढेच लागते.

तुमच्या बायबलमध्ये असे संदर्भ नसतील तर ख्रिस्तसभेने तयार करून दिलेले एक साधन दर रविवारी तुमच्या कानांवर पडतेच. १९६९ साली मिस्सेच्या वाचनांची नवी मांडणी झाली, तीन वर्षांच्या चक्राची. तीत वर्षाच्या बहुतेक रविवारी पहिले वाचन शुभवर्तमानाशी जोडून निवडलेले असते. पहिल्या वर्षचक्रात प्रायश्चित्तकाळाच्या चौथ्या रविवारी हाच जन्मांधाचा उतारा येतो आणि त्याच्यासोबत दाविदाच्या अभिषेकाचे वाचन येते (१ शमुवेल १६). माणूस बाहेरचे रूप पाहतो, देव अंतःकरण पाहतो, असे तिथे शमुवेलाला सांगितले जाते. ही दोन वाचने एकत्र का ठेवली असतील याचा घरी दहा मिनिटे विचार केलात तर आमच्या प्रवचनापेक्षा जास्त मिळेल.

शब्दकोश व मोजमापांचा तक्ता यांचा उपयोग एका उदाहरणाने सांगतो. मत्तय १८ मध्ये क्षमा न करणाऱ्या चाकराची गोष्ट आहे. त्याचे राजाला देणे १० हजार तालांत, त्याच्या सोबत्याचे त्याला देणे १०० दीनार. मोठी रक्कम आणि छोटी रक्कम एवढेच आपण समजतो. बायबल शब्दकोशात पाहिले तर एक तालांत म्हणजे सुमारे ६ हजार दीनार, आणि एक दीनार म्हणजे एका मजुराची दिवसाची मजुरी, जशी मत्तय २० मधल्या द्राक्षमळ्यात ठरली होती. आता मजूर अड्ड्यावर सकाळी उभ्या राहणाऱ्या माणसाला डोळ्यांपुढे आणा. सोबत्याचे देणे त्याच्या १०० दिवसांच्या कामाचे आहे. काही क्षुल्लक नव्हे, तीन-साडेतीन महिन्यांची कमाई! पण चाकराचे देणे ६ कोटी दिवसांचे आहे. वर्षाला ३०० दिवस काम धरले तरी २ लाख वर्षे. आणि तो राजाला म्हणतो, थोडे थांबा, सगळे फेडतो. प्रभूने ही गोष्ट सांगितली तेव्हा ऐकणारे हसले असतील असे आम्हाला वाटते. आपल्याला हसू येत नाही, कारण आपण तक्ता पाहिलेला नसतो. गोष्टीतली दुसरी बाजूही तक्त्यामुळेच कळते. ज्याने आपले १०० दिवसांचे पैसे बुडवले त्याला क्षमा करणे सोपे नाही, हे प्रभूला ठाऊक होते.

नकाशाचेही तसेच. लूक १० मधला तो माणूस यरुशलेमहून यरीहोस खाली उतरत होता. हे उतरणे बोलण्याची रीत म्हणून आलेले नाही. सुमारे २५ किलोमीटरच्या त्या वाटेत माणूस जवळजवळ एक हजार मीटर खाली येतो, कारण यरीहो समुद्रसपाटीच्याही खाली आहे. लोणावळ्याहून खोपोलीला बोरघाट उतरताना आपण साधारण साडेपाचशे मीटर उतरतो. त्याच्या जवळजवळ दुप्पट उतार, ओसाड डोंगर आणि पायी प्रवास. आता ३१वे वचन काळजीपूर्वक वाचा. याजकही त्याच वाटेने खाली जात होता. तो मंदिरातल्या सेवेला निघाला होता, रक्त लागून अशुद्ध झाला असता म्हणून थांबला नाही, असे समर्थन प्रवचनांतून पुष्कळदा ऐकू येते. नकाशा पाहिला की ते समर्थन गळून पडते. मंदिर वर यरुशलेमात आहे, आणि हा तर तिथून निघून खाली चालला होता. तसेच नाझरेथ ते बेथलेहेम हे अंतर डोंगरवाटांनी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास भरते. आपल्यापैकी पुष्कळांची मुळे नगर जिल्ह्यात आहेत. पुण्याहून नगर (आताचे अहिल्यानगर) जवळपास तेवढेच दूर. दिवस भरत आलेली पवित्र मरिया किती चालली असेल त्याचा अंदाज एस.टी.ने गावी जाणाऱ्या बायकांना आमच्यापेक्षा चांगला येईल.

शब्दसूची, म्हणजे एखादा शब्द बायबलमध्ये कुठेकुठे आला त्याची यादी, हे काम आता मोबाइलवर होते. बायबल सोसायटीचे मराठी भाषांतर मोबाइलवर विनामूल्य वाचता येते आणि त्यात शब्द शोधता येतो. पण मराठीत शोधताना एक अडचण येते. आपले शब्द विभक्तीत रूप बदलतात. ‘पाणी’ शोधले तर ‘पाण्याने’, ‘पाण्यात’ ही वचने कदाचित येणार नाहीत. म्हणून दोन्ही रूपे घालून पाहावीत. ‘मेंढरू’, ‘मेंढरे’, ‘मेंढपाळ’ वेगवेगळे शोधावेत. ‘या’ आणि ‘ह्या’ यांचाही फरक पडतो.

मूळ ग्रीक व हिब्रू शब्दांचे क्रमांक देणारी स्ट्राँग यांची इंग्रजी शब्दसूची १८९० सालची. ती उपयोगी आहे, पण अर्धवट वापरली तर फसवते. ग्रीकमध्ये देवाच्या प्रेमाला ‘अगापे’ आणि माणसाच्या मैत्रीला ‘फिलिया’ असे दोन पक्के कप्पे आहेत, असे अनेक वक्ते ठासून सांगतात. योहानाचे शुभवर्तमानच उघडा. पित्याची पुत्रावर प्रीती आहे असे ३:३५ मध्ये म्हटले आहे आणि ५:२० मध्येही म्हटले आहे. एका ठिकाणी पहिल्या धातूचे क्रियापद आहे, दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्या धातूचे. पित्याचे प्रेम दोन वचनांमध्ये कमी झाले काय? शब्दाचा अर्थ वाक्यात ठरतो. कोशात शब्दाला काय काय म्हणता येते एवढेच कळते.

राहिली भाष्ये किंवा टीकाग्रंथ. लोक प्रथम यांच्याकडेच धावतात. आम्ही मात्र त्यांना शेवटी ठेवतो. भाष्य उघडण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात: लेखक कोण, कोणत्या ख्रिस्ती परंपरेतला आणि वर्ष कोणते. इंटरनेटवर मॅथ्यू हेन्री यांचे भाष्य जिकडेतिकडे दिसते. हे भक्तिमान इंग्रज पाळक १७१४ साली वारले. त्यांचे भाष्य सर्वत्र दिसते याचे मोठे कारण म्हणजे इतक्या जुन्या ग्रंथावर कोणाचा हक्क उरत नाही, कोणीही फुकट देऊ शकतो. त्यात भक्ती आहे, पण नंतरच्या तीन शतकांतले संशोधन नाही, आणि पोपपद व पवित्र मिस्सा यांविषयीचे त्यांचे मत आपले नव्हे. स्कॉटलंडचे विल्यम बार्कले (१९०७–१९७८) यांची पुस्तके आमच्या अनेक धर्मगुरुबंधूंच्या टेबलावर असतात. त्या काळच्या चालीरीती ते सुरेख समजावतात. चमत्कारांच्या बाबतीत त्यांना जपून वाचावे. कॅथोलिक विद्वानांचे एका खंडातले मोठे इंग्रजी भाष्य म्हणजे ‘न्यू जेरोम बिब्लिकल कॉमेंटरी’, १९९० सालचे, ज्याची नवी आवृत्ती २०२२ साली आली. ते सेमिनरीच्या विद्यार्थ्याला योग्य. घरासाठी महाग आणि जड, दोन्ही अर्थांनी.

त्याऐवजी घरात असू शकेल असा एक ग्रंथ सुचवतो. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कॅथोलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ’ याच्या इंग्रजी आवृत्तीच्या शेवटी बायबलमधील वचनांची सूची आहे. एखाद्या वचनावर ख्रिस्तसभा काय शिकवते हे पाहायचे असेल तर त्या सूचीत वचन शोधावे आणि दिलेला परिच्छेद वाचावा. दृढीकरणाच्या वर्गातील मुलांना हे पाच मिनिटांत शिकवता येते आणि मग ती आईवडिलांना शिकवतात.

मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांविषयी एवढेच. वचन आले की ते स्वतःच्या बायबलमध्ये उघडून आधीची पाच आणि नंतरची पाच वचने वाचल्याशिवाय पुढे पाठवू नये. आता यंत्राला प्रश्न विचारला की तेही क्षणात उत्तर देते, संदर्भांसह. ते संदर्भ कधी बरोबर असतात, कधी अस्तित्वातच नसतात. फिलिप निदान रथात शेजारी बसला होता, त्याला उलट प्रश्न विचारता येत होता.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली देववचनाविषयीच्या घटनापत्रात सांगितले की पवित्र शास्त्र सर्व भाविकांच्या हाती खुलेपणाने पडावे आणि भाषांतरांना आवश्यक टिपा जोडलेल्या असाव्यात. पहिली गोष्ट मराठीत बऱ्यापैकी झाली. दुसरी अजून अपुरी आहे, हे मान्य केले पाहिजे. चांगली भाष्ये, चांगले नकाशे, चांगले शब्दकोश बहुतांश इंग्रजीत आहेत, आणि आपल्या छोट्या ख्रिस्ती समूहांत सर्वांत नेमाने बायबल वाचणाऱ्या आजींना इंग्रजी येत नाही. रामवाडीच्या सेमिनरीत मोठे ग्रंथालय आहे, पण ते त्यांच्या उपयोगाचे नाही. म्हणून प्रत्येक समूहातील इंग्रजी जाणणाऱ्या दोन तरुणांनी एक काम घ्यावे. समूहाच्या बैठकीत निघालेला एकच प्रश्न वहीत लिहून घ्यावा, पुढच्या बैठकीपर्यंत शोधावा आणि मराठीत चार ओळींत उत्तर लिहून आणावे. वर्षभरात प्रत्येक समूहाची एक वही तयार होईल.

ज्यांना विकतच घ्यायचे आहे त्यांना आमचा क्रम असा: ७३ पुस्तकांचे बायबल, मग दुसरे भाषांतर, मग नकाशे. बाकीचे घाईने घेऊ नये. कचेरीशेजारच्या कपाटात बायबल शब्दकोश आणि धर्मशिक्षण ग्रंथ ठेवला आहे. रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर नाव लिहून दोन आठवड्यांसाठी नेता येईल. नकाशांचे पुस्तक मात्र तिथेच बसून पाहावे लागेल, त्याची एकच प्रत आहे.